अमेरिकेत सॉफ्टबॉलसाठी कॉलेज निवडताना काय बघावं?

लेक अकरावीत आहे, कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) आहे आणि तीन कॉलेजांतून एक निवडायचंय, तर आधी ट्रॉफ्यांचं कपाट बाजूला ठेवा. ओक्लाहोमा विद्यापीठाने 2021 ते 2024 सलग चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, खरंय. पण तिथे बाकावर बसून टाळ्याच वाजवायच्या असतील तर काय उपयोग?

संघाची यादी कॉलेजच्या साइटवर असते. कॅचर किती आणि कुठल्या वर्षाला, ते मोजा. दोघी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतील तर तिला खेळायला मिळणं कठीण. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद) तयार खेळाडूही येतात, म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून बघा. बऱ्याच जणी सोडून गेल्या असतील तर कारण शोधा. (कोचला नाही, मुलींना विचारा.)

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे तीन स्तर आहेत, डिव्हिजन एक सगळ्यात वरचा. डिव्हिजन तीन आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी विद्यापीठं) खेळासाठी स्कॉलरशिप नसते. घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते. डिव्हिजन एकमध्येही पूर्ण फी सुटेल असं धरून चालू नका.

इंजिनिअरिंग घ्यायचंय? सीझन फेब्रुवारीपासून मेपर्यंत, म्हणजे प्रवासात लॅब बुडणार. संघात इंजिनिअरिंगच्या मुली किती, हे पहिल्याच फोनवर विचारा.