भदोहीचा गालिचा, मिर्झापूरची बाजारपेठ आणि आपला भुसावळचा फाटा

ताई, तुम्ही महानगरीने भुसावळहून काशीला निघालात, काशीजवळच्या भदोहीचा गालिचा घ्यायचं मनात आहे, आणि हा धंदा तिथेच का वाढला, मोगलांनी आणला का, असं विचारलंय.

मोगलांचं उत्तर अर्धंच आहे. अकबराने आग्रा, फत्तेपूर आणि लाहोरला गालिच्यांचे कारखाने उभारले, हे 'आइन-ए-अकबरी'त आहे. भदोहीकडे मात्र सांगतात की इराणी विणकर माधोसिंग गावाजवळ मुक्कामाला थांबले आणि गावकऱ्यांना शिकवून गेले. ती आख्यायिका समजा. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात या मुलखाचे गालिचे मांडले गेले, तेही मिर्झापूरच्या नावाने.

खरी गोष्ट मला मिर्झापुरातच दिसते आणि तिच्यात आपणही आहोत. रेल्वेआधी वऱ्हाडातला कापूस लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल चालत मिर्झापूरला नेत. तिथून तो होड्यांनी गंगेतून कलकत्त्याला जाई. गंगेकाठची ती फार मोठी पेठ होती. मग भुसावळवरून वऱ्हाडाकडे रूळ पडले, १८६७ ला ते नागपूरला पोचले. १८७० ला मुंबईची आणि कलकत्त्याची लाइन जबलपूरला जुळली. कापूस मुंबईकडे वळला आणि मिर्झापूरची पेठ ओसरली. भुसावळ जंक्शनचं कौतुक करताना ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही, ती सांगायला हवी.

गालिचा मात्र टिकला. माझ्या मते त्याचं कारण असं की तो येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जगत नव्हता. माग विणकराच्या घरात, खेड्यात. व्यापाऱ्याने सूत, लोकर आणि नक्शा (नक्षीचा आराखडा) द्यायचा, विणकराने घरी विणून मजुरी घ्यायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भदोहीजवळच्या खमरियात ई. हिल आणि पुढे भदोहीत टेलरी या युरोपीय कंपन्या आल्या आणि परदेशी गिऱ्हाईक मिळालं.

याच घरगुती मागाची एक काळी बाजूही आहे. बारीक बोटांच्या नावाखाली लहान पोरं मागावर बसवली गेली. १९८६ चा बालमजुरीविरोधी कायदा आला, १९९४ ला कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्यासाठी 'रगमार्क'चं लेबल सुरू झालं, तेव्हा परदेशी गिऱ्हाईकही विचारू लागलं. आजही विकत घेताना हा प्रश्न जरूर विचारा, दुकानदाराला राग आला तरी.

भदोही जिल्हा १९९४ ला वाराणसीतून वेगळा झाला. २०१० ला इथल्या हातगालिच्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यात एकटी भदोही नाही, मिर्झापूर, वाराणसी, जौनपूर असे शेजारचे जिल्हेही येतात. नव्या संसद भवनातले गालिचे भदोही-मिर्झापूरच्या सुमारे ९०० विणकरांनी केलेत, दर चौरस इंचाला १२० गाठी. एक एक गाठ हाताने बांधून पंजाने (दातेरी हत्याराने) ठोकायची, म्हणजे काय कष्ट असतील बघा.

आता खरेदी. गाठीचा गालिचा आणि टफ्टेड यांत गल्लत करू नका. टफ्टेडमध्ये कापडावर बंदुकीसारख्या यंत्राने सूत टोचतात. तोही 'हातचा' म्हणूनच विकतात, पण तो लवकर तयार होतो आणि स्वस्त पडतो. गालिचा उलटा करून पाहा. गाठीच्या गालिच्यावर मागूनही नक्षी तशीच स्पष्ट दिसते. मागे कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड समजा, आणि त्याच हिशेबाने भाव करा. टोकाची झालरही ओढून बघा: ती ताण्याचेच (मागावरच्या उभ्या धाग्यांचेच) दोरे पुढे आलेली असावी, वरून शिवलेली नसावी.