सेर्जिओ पेरेझसारख्या घसरलेल्या चालकाला रेड बुलने सीटवर ठेवायला हवे होते का?

आपला प्रश्न असा आहे की, 2024 च्या हंगामात सेर्जिओ पेरेझची कामगिरी एवढी ढासळलेली असताना रेड बुल या संघाने त्याला वर्षअखेरपर्यंत गाडीत ठेवले हे योग्य होते का, आणि एकंदरीतच फॉर्म्युला वनमध्ये अशा चालकाला आपली सीट राखण्याचा हक्क पोहोचतो का. माझे मत असे आहे की, त्याला हंगाम पूर्ण करू देणे योग्य होते आणि हंगामानंतर निरोप देणेही योग्यच होते. चूक झाली ती त्या वर्षीच्या जूनमध्ये, जेव्हा संघाने त्याचा करार 2026 पर्यंत वाढवला. त्याहून मोठी चूक ही की, तो मागे का पडतो याचा छडा न लावताच संघाने त्या गाडीत पुढचा चालक बसवला.

आधी आकडे पाहू, कारण पेरेझची बाजू घेणारे अनेक जण ते टाळतात. त्या हंगामातल्या पहिल्या पाच शर्यतींत तो चार वेळा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता. त्यानंतर वर्षभरात एकदाही नाही. पहिल्या सात शर्यतींत त्याने 107 गुण मिळवले आणि उरलेल्या 17 शर्यतींत अवघे 45. मोनाकोत तो शर्यत सुरू करण्याचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बाद झाला आणि शर्यतीच्या पहिल्या लॅपमध्ये त्याच्या गाडीचा चुराडा झाला. त्यानंतर काही दिवसांतच कराराची घोषणा झाली, आणि लगेच पुढच्या कॅनडाच्या शर्यतीत तो पुन्हा पहिल्याच टप्प्यात बाद झाला. वर्षाच्या शेवटी त्याचा संघसहकारी मॅक्स वर्स्टॅपेन याचे 437 गुण होते, तर पेरेझचे 152. दोघांचे मिळून 589 होतात आणि मॅक्लारेनने 666 गुणांवर संघांचे अजिंक्यपद जिंकले. म्हणजे पेरेझने आणखी 78 गुण मिळवले असते, तर तो मान रेड बुलकडे राहिला असता. तेवढे मिळवूनही तो 230 वर, म्हणजे मॅक्लारेनच्या पियास्त्रीच्या 292 आणि फेरारीच्या साइन्झच्या 290 गुणांच्या बराच खाली राहिला असता. त्याच्याकडून वर्स्टॅपेनची बरोबरी करण्याची अपेक्षा नव्हती. इतर संघांचे दुसरे चालक जे करत होते, त्याच्या जवळपास जाण्याचीच अपेक्षा होती आणि तीही पूर्ण झाली नाही.

इथपर्यंत वाचून त्याला ताबडतोब काढायला हवे होते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एका वर्षापूर्वी हाच चालक 285 गुणांसह जागतिक क्रमवारीत दुसरा होता आणि त्याने सौदी अरेबिया व अझरबैजानमधल्या शर्यती जिंकल्या होत्या. एका हिवाळ्यात त्याचे कसब कुठे नाहीसे झाले? माझ्या मते ते फारसे बदललेच नव्हते. 2023 मध्ये रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या. गाडी इतरांपेक्षा एवढी पुढे होती की एका लॅपमध्ये काही दशांश सेकंद गमावूनही बहुतेक वेळा दुसरे किंवा तिसरे स्थान हाती लागत असे. 2024 मध्ये मॅक्लारेन, फेरारी आणि मर्सिडीज जवळ आले, आणि तेच काही दशांश सेकंद आता चालकाला थेट बाराव्या किंवा सोळाव्या स्थानावर नेऊन टाकू लागले. एवढ्या मागून शर्यत सुरू केली की रहदारीत टायर तापतात, पुढच्या गाडीच्या मागे गाडीला ट्रॅकवर दाबून धरणारा हवेचा दाब कमी मिळतो, त्यामुळे डावपेच जमत नाहीत आणि चालक नको ते धोके पत्करू लागतो. म्हणून कोणत्याही चालकाची घसरण गुणतालिकेवरून मोजू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोरड्या ट्रॅकवरच्या पात्रता फेरीत, सारख्याच सुधारणा बसवलेल्या गाडीत, संघसहकाऱ्याशी त्याचे किती अंतर पडते आणि ते अनेक शर्यतींमध्ये वाढत जाते की घटत जाते, हे पाहावे. हे अंतर पेरेझच्या बाबतीत 2022 च्या मध्यापासूनच वाढत होते. त्या वर्षी मोनाको जिंकणारा पेरेझ वर्स्टॅपेनच्या खरोखर जवळ होता. नंतर गाडी जसजशी विकसित झाली, तसतशी तिची पुढची चाके वळणाला अधिक चटकन प्रतिसाद देऊ लागली आणि मागची चाके अस्थिर होत गेली. वर्स्टॅपेनला अशी गाडी हाताळता येते, किंबहुना ती त्याला आवडते. पेरेझला मात्र वळणात शिरताना मागच्या चाकांवर विश्वास लागतो, आणि तोच त्याला मिळेनासा झाला.

हे कारण केवळ सहानुभूतीपोटी पुढे केलेले नाही, याचा पुरावा त्याच सीटच्या इतिहासात आहे. 2019 मध्ये पिएर गॅस्लीला 12 शर्यतींनंतर काढण्यात आले. तेव्हा त्याचे 63 गुण होते आणि वर्स्टॅपेनचे 181. पुढच्याच वर्षी रेड बुलच्याच मालकीच्या दुय्यम संघाच्या गाडीत तो इटलीतल्या मॉन्झाची शर्यत जिंकला. त्याच्या जागी आलेला अल्बनही 2020 च्या अखेरीस गेला, आणि आज विल्यम्समध्ये तो संघाचा आधार मानला जातो. पेरेझनंतर 2025 मध्ये लियाम लॉसनला संधी मिळाली. ऑस्ट्रेलिया आणि चीन अशा दोन शर्यतींमध्ये तो पात्रतेच्या पहिल्या टप्प्यापलीकडे जाऊ शकला नाही आणि जपानच्या शर्यतीआधी त्याला दुय्यम संघात पाठवण्यात आले. हाच लॉसन त्याच वर्षी बाकूमध्ये रेसिंग बुल्स या दुय्यम संघाच्या गाडीत पाचवा आला. त्याच्या जागी आलेल्या युकी त्सुनोडाचे संपूर्ण हंगामाचे गुण 33 भरले, तर वर्स्टॅपेनचे 421. वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या शैलींचे चालक एकाच खुर्चीत बसून सारखेच अपयशी ठरत असतील, तर प्रत्येक वेळी दोष चालकाचा आहे असे म्हणणे हा विचार न करण्याचा सोपा मार्ग आहे. 2024 मध्ये तर जून ते नोव्हेंबर दरम्यान सलग दहा शर्यतींत वर्स्टॅपेनही जिंकू शकला नाही, आणि मॉन्झानंतर त्याने स्वतः गाडीबद्दल अतिशय कडक शब्दांत जाहीर तक्रार केली. पेरेझला जे काही महिने आधीपासून जाणवत होते, ते त्याने सांगितले तेव्हा सबब ठरले आणि विजेत्याने सांगितले तेव्हा निदान ठरले. ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

तरीही मी त्याला हंगामानंतर काढण्याच्या बाजूने आहे, कारण दुसऱ्या चालकाचे अपयश त्याच्यापुरते मर्यादित राहत नाही. 2021 मध्ये अबू धाबीत पेरेझने जुन्या टायरवर विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी हॅमिल्टन याला काही काळ रोखून धरले आणि वर्स्टॅपेनच्या पहिल्या विजेतेपदाला मोलाचा हातभार लावला. दुसरा चालक आघाडीच्या जवळपास असेल तरच हे शक्य होते. 2025 मध्ये वर्स्टॅपेनचे विजेतेपद मॅक्लारेनच्या नॉरिसकडे गेले, तेही अवघ्या दोन गुणांनी. त्या वर्षी दुसरी रेड बुल नियमितपणे मॅक्लारेनच्या आसपास असती आणि तिने नॉरिसचे थोडे जरी गुण खाल्ले असते, तर निकाल बदलू शकला असता. त्याशिवाय संघांच्या क्रमवारीवर बक्षिसाची रक्कम ठरते, आणि 2021 पासून खर्चाला कमाल मर्यादा असल्यामुळे अपघातात मोडलेला प्रत्येक भाग गाडी सुधारण्याच्या पैशांतून वजा होतो. चालकांचे मानधन त्या मर्यादेबाहेर आहे, अपघातांची दुरुस्ती नाही. कारण काहीही असो, जी गाडी संघ तूर्त बदलू शकत नाही त्या गाडीशी चालकाचे वर्षभर जुळत नसेल, तर त्याला कायम ठेवणे हा कारखान्यात राबणाऱ्या शेकडो माणसांवर अन्याय आहे.

मधल्या हंगामात काढण्याला मात्र माझा विरोध आहे. हंगाम चालू असताना त्या वर्षीच्या गाडीचा हवा तेव्हा, हवा तेवढा सराव करता येत नाही. नव्या माणसाला सिम्युलेटर आणि शुक्रवारची सराव सत्रे एवढ्यावरच ती समजून घ्यावी लागते. याविरुद्ध 2016 चे उदाहरण नेहमी दिले जाते, जेव्हा रशियाच्या शर्यतीनंतर रेड बुलचा चालक क्व्याट याला हटवून आणलेला वर्स्टॅपेन स्पेनमध्ये पहिल्याच शर्यतीत जिंकला. परंतु क्व्याट त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी चीनमध्ये तिसरा आला होता आणि 2015 मध्ये त्याने संघसहकारी रिकार्डोपेक्षा जास्त गुण मिळवले होते. त्याला दूर करण्यामागे खरे कारण असे होते की, एक असामान्य चालक दाराशी उभा होता. असा चालक हाताशी असेल तर निर्णय समजू शकतो. लॉसनसारख्या नवख्याला दोन शर्यतींत मोजणे मला मान्य नाही.

संयम कसा असावा याचे उदाहरण रेड बुलच्याच दुय्यम संघात आहे. इसाक हाजार 2025 मध्ये मेलबर्नला आपल्या पहिल्याच शर्यतीत, शर्यत सुरू होण्याआधीच्या फॉर्मेशन लॅपमध्ये, ओल्या ट्रॅकवरून घसरून भिंतीवर आदळला. त्याला कोणी हटवले नाही, आणि झांडवूर्टला तो तिसरा आला. 2026 साठी मुख्य संघाने त्यालाच निवडले आहे. त्या वर्षी गाडी आणि इंजिन दोन्हींचे नियम बदलत असल्यामुळे वर्स्टॅपेनलाही नवी गाडी मुळापासून शिकावी लागणार आहे, आणि म्हणून त्या सीटवर बसणाऱ्या माणसाची तुलना बऱ्याच काळानंतर न्याय्य पातळीवर होऊ शकेल. पेरेझलाही त्याच वर्षी कॅडिलॅक या नव्या संघात बोट्टाससोबत जागा मिळाली आहे. ज्या गाडीची जडणघडण त्याच्या सांगण्यावरूनही होईल अशा गाडीत तो किती वेगवान आहे, हे तिथे कळेल, आणि रेड बुलमधल्या त्याच्या शेवटच्या हंगामाचे मूल्यमापन मी त्यानंतरच पूर्ण झाले असे मानेन.