वाचक विचारतात: समलिंगी विवाह, कुठे कायदा, कुठे अडसर

थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा झाला. आशियात पुढचा नंबर कुणाचा? जपानचा म्हणतात, ते खरे का? (ऐरोली)

जपानवर लक्ष ठेवा, पैज मात्र लावू नका. तिथल्या पाच उच्च न्यायालयांनी सध्याची बंदी घटनाविरोधी ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोच्याच उच्च न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात उलट निकाल दिला. आता गाठ सर्वोच्च न्यायालयात सुटेल. पण घटनाविरोधी म्हटले तरी नागरी संहिता, म्हणजे विवाह आणि वारसाहक्काचा मूळ कायदा, बदलायची संसदेनेच. तिथल्या अनेक पालिका जोडप्यांना दाखले देतात, पण त्यावर वारसाहक्क मिळत नाही.

कुठल्याही देशाचा अंदाज बांधताना आधी विचारावे: न्यायालयाने मुदत घातली आहे का, आणि मुदत टळली तर काय होणार हे निकालातच लिहिले आहे का? तैवानच्या घटना न्यायालयाने २४ मे २०१७ रोजी दोन वर्षे दिली आणि बजावले, की कायदा झाला नाही तर जोडप्यांनी थेट नोंदणी कार्यालयात जावे. पुढच्याच वर्षीच्या सार्वमतात विरोधकांची सरशी झाली, तरी सरकारला मागे फिरता आले नाही. त्यांनी नागरी संहितेला हात न लावता वेगळा कायदा केला आणि मुदतीत, मे २०१९ मध्ये, लागूही केला. हाँगकाँगच्या अंतिम न्यायालयाने २०२३ मध्ये दोनच वर्षे दिली, पण विवाहासाठी नव्हे, जोडीदारीच्या पर्यायी व्यवस्थेसाठी. थेट नोंदणीची तरतूद त्यात नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये विधिमंडळाने ते विधेयकही फेटाळले.

थायलंडची वाट निराळी, संसदेची. २०२३ मध्ये सभागृह विसर्जित झाल्याने आधीचे विधेयक बारगळले होते. नव्या सभागृहात ते ४०० मतांनी मंजूर झाले आणि २३ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. संहितेतले ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ काढून ‘व्यक्ती’ घातले, म्हणून वारसा, दत्तक, मालमत्ता सगळे एकदम लागू झाले. कायदा लिहायची हीच रीत आम्हाला सर्वांत भक्कम वाटते. नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३ च्या अंतरिम आदेशावर नोंदी होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिली झाली. पण मूळ संहिता तशीच असल्याने त्या नोंदींचा पाया कच्चा आहे.

ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली तर? (पाचपाखाडी)

स्वीकारणार नाहीत. कायद्यातच पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ अशी वयाची अट आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संसदेवर सोपवला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. त्याच निकालात एक वाट मोकळी आहे: भिन्नलिंगी नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना आजच्या कायद्यांखालीच लग्न करता येते.

परदेशात लग्न करून आलो, तर घोडबंदर रोडवरचा माझा फ्लॅट जोडीदाराला मिळेल? (ठाणे पश्चिम)

त्या दाखल्यावर नाही. इथे वारसाहक्कासाठी तुम्ही अविवाहितच. मृत्युपत्र नसेल, तर अविवाहित, निपुत्रिक हिंदू पुरुषाची मालमत्ता आईला जाते, आई नसेल तर वडिलांना. तशाच स्त्रीची आई-वडील दोघांना.

म्हणून मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनीही तुमच्या समोर सह्या कराव्यात. जोडीदाराला साक्षीदार करू नका, वादाला तेवढे निमित्त पुरते. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला जोडा. नातेवाईक बहुतेक वेळा ‘मानसिक स्थिती ठीक नव्हती’ याच मुद्द्यावर भांडतात.

सोसायटीत फक्त नॉमिनेशन करून थांबणे ही सर्रास होणारी चूक. नॉमिनी हा तात्पुरता सभासद, मालक नव्हे. वारसदार कागद घेऊन आले की फ्लॅट त्यांचा. आयुर्विम्यातही तेच. नॉमिनीच लाभार्थी, ही सवलत पती-पत्नी, आई-वडील आणि मुलांपुरतीच आहे, त्यामुळे विम्याचे पैसेही मृत्युपत्रात लिहा.

हयातीतच बक्षीसपत्र करायचे तर खर्च मोजा. पती-पत्नीत राहत्या घराला मुद्रांक शुल्क २०० रुपये, तुम्हाला मात्र खरेदीखताइतके. शिवाय ५०,००० रुपयांपुढील भेटीवर घेणाऱ्याला आयकर लागतो, तो वेगळाच. नवे घर घेताना करारनाम्यात दोघांची नावे घालून प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिणे सर्वांत स्वस्त. संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने तसे स्पष्ट केले आहे. शाखेत अडवले तर त्याच पत्रकाचा हवाला द्या.

कुलमुखत्यारपत्र केले आहे. दवाखान्यात ते चालेल ना? (वाशी)

ऐन गरजेच्या वेळी नाही. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधे कुलमुखत्यारपत्र संपते, मृत्यूनंतरही. जीवरक्षक उपचारांबाबत आगाऊ वैद्यकीय निर्देश लिहून त्यात जोडीदाराचे नाव घाला. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान व्यक्तीला प्रतिनिधी नेमता येते. एकेक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे ठेवा. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर ठेवू नका, नेमका त्याच वेळी तो उघडता येत नाही.