वाचकांचे प्रश्न : पूर्व इंडोनेशियातील बेटांची सागरी मोहीम

पूर्व इंडोनेशियातील बांदा, राजा अम्पात, कोमोडो आणि आसपासच्या बेटांना लहान जहाजाने भेट देणाऱ्या मोहीम-सफरींविषयी अनेक वाचकांनी विचारणा केली आहे. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी पूर्वी मोठ्या क्रूझवर गेलो आहोत. मोहीमजहाज म्हणजे तेच, फक्त आकाराने लहान, असे समजावे का? भाडे मात्र बरेच जास्त दिसते.

उत्तर : आकाराचा फरक आहेच, परंतु त्याहून मोठा फरक दिवस कसा घालवला जातो यात आहे. मोठ्या क्रूझला बंदराचा धक्का लागतो, आणि पूर्व इंडोनेशियातील बहुतेक लहान बेटांवर तसा धक्काच नसतो. त्यामुळे साधारणतः शंभर-दोनशे प्रवासी नेणारे मोहीमजहाज दूर खोल पाण्यात थांबते आणि तेथून झोडियाक नावाच्या, फुगवलेल्या कडांच्या रबरी होड्यांतून दहा-बारा जणांच्या तुकड्या किनाऱ्यावर नेल्या जातात. होडी वाळूला टेकली की कडेवर बसल्या बसल्या पाय बाहेरच्या बाजूस फिरवायचे, खलाशाने पुढे केलेला हात मनगटाच्या वर घट्ट धरायचा आणि गुडघाभर पाण्यात उतरून चालत किनारा गाठायचा, अशी ही उतरण असते. दिवसातून दोनदा, कधी तीनदा हे करावे लागते. जहाजावर नाट्यगृह किंवा बाजारपेठ नसते. रात्री जेवणाआधी मोहीमप्रमुख दुसऱ्या दिवसाचा बेत समजावून सांगतो, आणि तो बेत वारा, लाट व भरती-ओहोटी पाहून पहाटे बदलूही शकतो. म्हणून माहितीपत्रकात छापलेला मार्ग हे वचन नसून उद्दिष्ट आहे, असे धरूनच पैसे भरावेत.

भाडे जास्त असण्यामागे थोडे प्रवासी, दूरचे इंधन, परवाने आणि सोबतचे निसर्गतज्ज्ञ ही कारणे आहेत. कंपनीची निवड करताना खोलीच्या आकारापेक्षा पुढील गोष्टी आधी विचाराव्यात, असे मला वाटते : प्रत्येक मार्गदर्शकामागे किती प्रवासी असतील, स्थानिक मार्गदर्शक जहाजावर असतील का, आणि ज्या गावांना भेट द्यायची आहे त्यांच्याशी कंपनीचे बोलणे कोणामार्फत होते. तिसऱ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर दुसरी कंपनी पाहावी.

प्रश्न : कोमोडो ड्रॅगन, बांदा आणि राजा अम्पात हे सर्व एकाच सफरीत, एकाच ऋतूत पाहता येते का?

उत्तर : येते, पण वर्षातील थोड्याच आठवड्यांत. कोमोडोकडे एप्रिल ते नोव्हेंबर हा कोरडा काळ चांगला, तर राजा अम्पातला साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. मधल्या बांदा समुद्रावर जून ते सप्टेंबर या काळात आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात आणि लहान जहाजांना तो प्रवास फार त्रासदायक होतो. दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या संधिकाळात, म्हणजे ढोबळमानाने मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जहाजे एका भागातून दुसऱ्या भागात जातात, तेव्हाच या लांब सफरी निघतात. आपल्याला स्वर्गपक्षी आणि प्रवाळ यांचीच ओढ असेल, तर सगळे एकत्र बांधण्याचा आग्रह सोडून सोरोंग बंदरातून निघणारी केवळ राजा अम्पातची सफर निवडणे अधिक समाधानाचे होईल.

प्रश्न : मला पक्षी आणि प्राणी पाहण्याची आवड आहे. एवढा खर्च करून नेमके काय दिसेल, आणि ते दिसेलच याची खात्री कितपत?

उत्तर : कोमोडो ड्रॅगन दिसण्याची शक्यता खूपच चांगली असते. 1980 साली स्थापन झालेल्या आणि 1991 पासून जागतिक वारसास्थळ असलेल्या कोमोडो राष्ट्रीय उद्यानात, हातात टोकाला दोन फाटे असलेली काठी घेतलेल्या वनरक्षकासोबतच चालावे लागते. ही घोरपड तीन मीटरपर्यंत वाढते आणि सावलीत निपचित पडलेली दिसली तरी तिला जवळून वेग घेता येतो, म्हणून रक्षकाने आखून दिलेले अंतर छायाचित्रासाठीही ओलांडू नये.

या समुद्रातून पूर्वेकडे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर जे दिसते त्याला अर्थ येतो. 1856 साली इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून शेजारच्या लोंबोक बेटावर गेले, तेव्हा बालीत दिसणारे काही पक्षी पलीकडे दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियाकडील काकाकुवा दिसू लागले. मधली सामुद्रधुनी अरुंद असली तरी इतकी खोल आहे की हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली असतानाही ती कोरडी पडली नाही. बाली त्या काळी जावामार्गे आशियाच्या भूमीला जोडली गेली. लोंबोक मात्र अलगच राहिले. म्हणूनच पश्चिमेला वाघांचा आणि सुतारपक्ष्यांचा प्रदेश, तर पूर्वेकडे सरकत जावे तसे पोटपिशवी असलेले कुस्कस नावाचे प्राणी आणि स्वर्गपक्षी भेटू लागतात.

स्वर्गपक्ष्यांसाठी राजा अम्पातमधील वायगेओ बेटावर जावे. वॉलेस यांनीही 1860 साली तांबड्या स्वर्गपक्ष्याच्या शोधात तेथे मुक्काम केला होता. विल्सनचा स्वर्गपक्षी तर केवळ वायगेओ, बाटांटा आणि त्यांना लागून असलेल्या बेटांवरच आढळतो. जहाजावरून पहाटे अंधारात निघायचे, विजेरीच्या उजेडात चिखलाची चढण चढायची आणि झावळ्यांच्या आडोशामागे न बोलता बसायचे. उजाडू लागले की मूठभर आकाराचा नर येतो आणि जंगलाच्या जमिनीवरील आपले छोटे अंगण झाडायला लागतो. पडलेले प्रत्येक पान चोचीत धरून तो कडेला नेऊन टाकतो, कारण वरच्या फांदीवरून पाहणाऱ्या मादीला खाली त्याच्या रंगांखेरीज दुसरे काही दिसू नये. डोक्यावरची पिसे नसलेली निळी त्वचा, पाठीवरचा तांबडा व मानेवरचा पिवळा पट्टा आणि शेपटीची दोन वळलेली पिसे हे सर्व त्या अर्ध्या उजेडातही स्पष्ट दिसते. पाऊस असेल, तर कदाचित तो येणारही नाही, आणि तेव्हा मार्गदर्शकाला दोष देऊ नये.

आडोशाचे शुल्क बहुधा ज्या कुटुंबाच्या जमिनीवर ते अंगण आहे त्या कुटुंबाला जाते. ते आनंदाने द्यावे. उभे जंगल तोडलेल्या जंगलापेक्षा अधिक मिळवून देते, हे त्या कुटुंबाला त्यातूनच अनुभवास येते.

प्रश्न : बहुतेक सफरींत बांदा बेटांवर दोन दिवस ठेवलेले दिसतात. एवढे तेथे काय आहे?

उत्तर : जायफळ आहे, आणि त्यापायी घडलेला एक भीषण इतिहास आहे. अठराव्या शतकापर्यंत व्यापारातील जायफळ आणि जायपत्री यांचा जगातील एकमेव उगम ही मूठभर बेटे होती. व्यापारावर एकहाती ताबा मिळवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटर्सझोन कून याने 1621 साली बेटांवर स्वारी केली, चाळीसहून अधिक प्रमुखांचा शिरच्छेद करवला आणि उरलेल्यांना ठार केले, उपाशी मारले वा गुलाम करून नेले. सुमारे 15,000 लोकवस्तीपैकी जेमतेम 1,000 माणसे बेटांवर उरली, असा अंदाज आहे. जे निसटले त्यांचे वंशज आजही दूरच्या केई बेटांवर बांदाची मूळ भाषा बोलतात; बांदामध्ये ती कोणी बोलत नाही. पुढे 1667 च्या डचांशी झालेल्या ब्रेडा तहात इंग्रजांनी बांदातील रुन या चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला आणि मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले, ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. आपण मात्र 1621 विषयीही आवर्जून विचारावे. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील नेते मोहम्मद हट्टा आणि सुतान शाहरीर यांना डच सरकारने 1936 ते 1942 या काळात बांदा नेरा येथेच स्थानबद्ध ठेवले होते, आणि त्यांची घरे पाहता येतात.

मळ्यात उंच कनारी वृक्षांच्या सावलीत जायफळाची झाडे असतात. टोकाला लहान टोपली बांधलेल्या लांब बांबूने फळ खुडतात. पिकलेले फळ आपोआप उकलते आणि पिवळसर गराच्या आत काळ्या चकचकीत बीवर घट्ट बसलेली लालभडक जायपत्री दिसते. स्वयंपाकघरात आपण तिला वाळून फिकी पडलेलीच ओळखतो, त्यामुळे तो ओला रंग पाहून आश्चर्य वाटते. समोरच्या गुनुंग आपी ज्वालामुखीचा 1988 साली उद्रेक झाला तेव्हा लाव्हा थेट समुद्रात उतरला. त्या थिजलेल्या खडकावर अवघ्या काही वर्षांत प्रवाळ दाट उगवले, ते पोहताना सहज पाहता येते.

प्रश्न : गावांना दिल्या जाणाऱ्या भेटी म्हणजे तेथील माणसांचे प्रदर्शन मांडण्यासारखे नाही का? जावे की न जावे, हेच कळत नाही. मुलांसाठी खाऊ, वह्या न्याव्यात का?

उत्तर : आपली शंका योग्य आहे आणि ती मनात ठेवूनच जावे. आपण ज्या समुद्राला मोकळा समजतो तो तेथे मोकळा नसतो. मालुकू आणि पापुआच्या किनाऱ्यांवर कोणता खडक, कोणती खाडी कोणत्या कुळाची वा गावाची, हे परंपरेने ठरलेले असते. ‘सासी’ नावाच्या प्रथेनुसार गाव एखादा भाग ठरावीक काळासाठी बंद करते. त्या काळात तेथून शंख, समुद्रकाकडी किंवा शेवंड काढण्यास सर्वांना मनाई असते आणि मुदत संपल्यावर सर्वांच्या संमतीने तो पुन्हा खुला होतो. राजा अम्पातमध्ये हे बंद करणे आणि उघडणे बहुधा चर्चमधील प्रार्थनेने होते, आणि मिसोल बेटावर तर असा एक भाग महिलांच्या गटाकडे आहे. आपण पाहुणे म्हणून जे प्रवाळ पाहतो, ते इतके भरलेले दिसण्यामागे या लोकांनी अनेक पिढ्या स्वतःवर घालून घेतलेला संयम आहे. तेव्हा परवानगी घेऊन, ग्रामप्रमुखाला भेटून, गावाने ठरवलेले शुल्क देऊन गेलेला पाहुणा आणि न विचारता कॅमेरा रोखणारा पाहुणा यांत फार अंतर आहे.

कसोटीचा प्रसंग लेम्बाटा बेटावरील लामालेरा गावात येतो. तेथील लोक लाकडी होडीच्या नाळेवरून उडी घेत बांबूच्या भाल्याने स्पर्म व्हेलची शिकार करतात, आणि मांसाचे वाटे ठरलेल्या रिवाजाने होऊन त्यातील काही डोंगरावरील गावांशी मका व केळी यांच्या बदल्यात दिले जातात. खडकाळ जमिनीवर पीक जवळजवळ येत नाही, हे त्यामागचे कारण आहे. प्राणिप्रेमी वाचकाला तेथे अस्वस्थ वाटेल आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या अंगणात आपण उभे आहोत त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे ठाम मत आहे. मन घेत नसेल, तर त्या दिवशी जहाजावरच थांबावे.

मुलांना हातात खाऊ किंवा पैसे देऊ नयेत, कारण त्यातून हात पसरण्याची सवय लागते आणि आईवडिलांना ते अपमानकारक वाटते. वह्या द्यायच्याच असतील, तर मोहीमप्रमुखामार्फत शाळेकडे द्याव्यात. त्यापेक्षा विणलेली टोपली किंवा कोरीव काम सांगितलेल्या किमतीला घ्यावे आणि फार घासाघीस करू नये. छायाचित्राआधी ‘बोलेह फोटो?’ एवढे विचारून उत्तराची वाट पाहावी. मान हलवून नकार मिळाला, तर कॅमेरा खाली ठेवावा.

प्रश्न : प्रवाळांना आमच्यामुळे इजा होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

उत्तर : पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, म्हणजे उन्हाचे मलम फारसे लागत नाही. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेले मलम नेऊ नये. पायांतील रबरी वल्ही प्रवाळावर टेकवू नयेत. थकल्यास पाठीवर तरंगावे आणि हात वर करून होडी बोलवावी. मांटा पाकटांचा पाठलाग करू नये. इंडोनेशियाने 2014 साली त्यांना देशभर संरक्षण दिले आहे.

परंतु सर्वांत मोठी इजा पोहणाऱ्याकडून नव्हे, जहाजाकडून होऊ शकते. मार्च 2017 मध्ये एक मोहीमजहाज राजा अम्पातमधील क्री बेटाजवळ ओहोटीच्या वेळी उथळ खडकावर चढले आणि हजारो चौरस मीटर प्रवाळ चिरडले गेले. ते ज्या गावांच्या जगण्याचा आधार होते, त्यांचे ते नुकसान भरून येण्यास कित्येक दशके लागतील. म्हणून जहाज नांगर कोठे टाकते आणि प्रवाळाच्या जवळ किती येते, हे कंपनीला लेखी विचारण्यात संकोच करू नये.

प्रश्न : माझे वय 68 आहे, गुडघे दुखतात आणि मला बोट लागते. मी जावे का?

उत्तर : झोडियाकमध्ये चढताना एक पाय वर उचलून शरीराचा भार पेलता येत असेल, तर जाता येईल, न जमल्यास त्या दिवशीची उतरण सोडून होडीतूनच किनारा पाहण्याची सोय बऱ्याच जहाजांवर असते. बोट लागणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागाची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, आणि औषध उलटी सुरू झाल्यावर नव्हे तर जहाज सुटण्यापूर्वी घ्यावे. पापुआच्या भागात हिवतापाचा धोका खरा आहे, तेव्हा प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांशी बोलावे. जहाजावर डॉक्टर असला तरी मोठे रुग्णालय एक-दोन दिवसांच्या अंतरावर असू शकते. त्यामुळे विमानाने वा हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च उचलणारा विमा घेतल्याशिवाय निघू नये, आणि त्या विम्यात आपल्या वयाला व गुडघ्यांच्या जुन्या दुखण्याला वगळलेले नाही ना, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.