दाढेचा कोपरा तुटला: कॅप की ऑनले?

प्रश्न: खालच्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती. भाकरी चावताना दाढेचा एक उंचवटा तुटला. डॉक्टर कॅपऐवजी ऑनले (दाढेचा फक्त तुटका, कमजोर भाग झाकणारा, चिकटवायचा तुकडा) सुचवतात. तो टिकेल का?

उत्तर: टिकेल, पण तुटलेली कड हिरडीच्या वर असली आणि भोवती चांगलं इनॅमल (दाताचं बाहेरचं कडक आवरण) शिल्लक असलं तर. कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी घासावी लागते. ऑनलेसाठी फक्त किडलेला भाग आणि कमजोर उंचवटे उतरवतात. शाबूत दात वाचतो, म्हणून आम्हालाही हाच सल्ला योग्य वाटतो.

ऑनले लिथियम डायसिलिकेट या मजबूत सिरॅमिकचा असेल, तर त्याला चावण्याच्या बाजूला साधारण दीड ते दोन मिलिमीटर जागा हवी. ती कमी ठेवली की ऑनले तडकतो. माप घेतल्यावर लॅबमधून तो येईपर्यंत तात्पुरतं भरण असतं. तोवर चिकट खाणं त्या बाजूला नको.

खरी कसोटी चिकटवताना. ऑनलेची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक ॲसिडने सुमारे २० सेकंद खरवडून त्यावर सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट यांना जोडणारं द्रव्य) लावतात. दाताच्या इनॅमलला फॉस्फोरिक ॲसिड, मग बाँड (चिकटवणारा पातळ थर) आणि रेझिन सिमेंट. या वेळी लाळेचा थेंब लागला तरी पकड सैल होते. म्हणून रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावणार का, हे आधीच विचारा.

नंतर दाढ उंच लागली तर ‘बसेल हळूहळू’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडून लगेच घासून घ्या. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) हवाच. फ्लॉस रोज करा. कीड पुन्हा शिरते ती ऑनले आणि दाताच्या सांध्यातूनच.