आईच्या रिपोर्टवर ‘हाय ग्रेड सिरस, स्टेज ३सी’ लिहिलंय. ग्रेड आणि स्टेज एकच का?

एकच नाही. सिरस हा अंडाशयाच्या कॅन्सरचा एक प्रकार. हाय ग्रेड म्हणजे पेशी फार बिघडलेल्या, भराभर वाढणाऱ्या. आजार कुठवर पोचलाय ते स्टेज सांगते. ३सी म्हणजे ओटीपोटाच्या वर, पोटाच्या अस्तरावर २ सेंटिमीटरहून मोठ्या गाठी. यकृताच्या आवरणावर असल्या तरी ३सीच, आत शिरल्या की चौथी. पोट फुगणं, भूक मंदावणं याला कोण कॅन्सर समजतं? म्हणून हा प्रकार बहुतेकदा तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजलाच सापडतो.

स्टेजच्या आकड्यापुढच्या अक्षराकडे मात्र दुर्लक्ष करू नका. माझ्या ताईच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात गाठ दिसली, आत घट्ट भाग, रक्तातलं सीए-१२५ (या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) वाढलेलं. मी म्हणत होते, आधी कॅन्सरच्या सर्जनला दाखवू. दाजींचं एकच पालुपद, ‘दुर्बिणीतून होतंय तर पोट कशाला फाडायचं? उगाच घाबरवू नकोस तिला.’ गावातच ऑपरेशन झालं. गाठ पिशवीत न घेता सोडवताना आतच फुटली. रिपोर्ट आला: क्लिअर सेल कार्सिनोमा (अंडाशयाच्या कॅन्सरचाच दुसरा प्रकार), स्टेज १सी१.

गाठ एकाच अंडाशयात, आवरण शाबूत आणि पोट धुतलेल्या पाण्यात पेशी नाहीत, तर १ए. ऑपरेशन करताना फुटली तर १सी१, आधीच फुटलेली असेल तर १सी२, पाण्यात पेशी सापडल्या तर १सी३. २०१४ पासून ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही फोड अशीच केलीय. ताईला पुन्हा टेबलावर घेतलं. गर्भाशय, दुसरं अंडाशय, ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा), लिम्फ नोड्स सगळं काढून तपासलं. कुठेच काही निघालं नाही, तरी केमो घ्यावीच लागली. दाजी अजून म्हणतात, ‘पहिलीच स्टेज होती ना!’ होती, पण ते सी१ आपण आपल्या हाताने लावून घेतलं.

संशय असलेली गाठ अख्खीच बाहेर यायला हवी, मग छेद कितीही मोठा पडो. त्यासाठी स्त्रियांच्या कॅन्सरचाच सर्जन हवा, ओळखीतला नको.

अर्थात प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, तरुण मुलींत तर बहुतेक साध्याच असतात. तिथे दुर्बिणीला माझी हरकत नाही. आणि फुटल्याने ताईचं पुढे किती बिघडेल हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत.

तुमच्या आईंची बीआरसीए (आनुवंशिक जनुकदोषाची) तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. पुढचं औषध त्यावर ठरू शकतं, आणि दोष निघाला तर तुम्ही भावंडांनीही तपासून घ्या. घरातलं कोणी ‘कशाला घाबरवता’ म्हणालं तरी.