वाचकांचे प्रश्न : नोकरी न सोडता प्रादेशिक सेनेत अधिकारी होता येते का?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. महाविद्यालयात असताना एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवले होते. पुढे घरच्या जबाबदाऱ्यांमुळे सैन्यात जायचे राहून गेले. प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, नोकरी सांभाळून अधिकारी होता येते असे ऐकतो. त्यासाठी पात्रता काय लागते, आणि बँक आडकाठी करू शकते का? माझी पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे. तिलाही अर्ज करता येईल का?
– एक वाचक, तालुका मिरज

उत्तर : आपल्या वयाची अडचण नाही. बिगर-विभागीय (म्हणजे रेल्वेसारख्या एखाद्या खात्याशी न जोडलेल्या) तुकड्यांतील अधिकारीपदासाठी वयोमर्यादा १८ ते ४२ वर्षे अशी आहे. उमेदवार भारतीय नागरिक, मान्यताप्राप्त विद्यापीठाचा कोणत्याही शाखेचा पदवीधर आणि शरीराने तंदुरुस्त असावा लागतो. सध्या भूदल, नौदल, हवाईदल, पोलीस किंवा निमलष्करी दलात असलेल्यांना मात्र अर्ज करता येत नाही. एनसीसीचे प्रमाणपत्र ही अट नाही. पण कवायतीची आणि शिबिराची सवय मुलाखतीत लपत नाही, आणि ती आपल्या उपयोगी पडेल.

खरी कसोटी आहे ती उपजीविकेच्या अटीची. उमेदवाराचे पोट नोकरीवर किंवा स्वतःच्या व्यवसायावर चालत असले पाहिजे, कारण ही सेना मुळातच ‘नागरी आयुष्यात पाय रोवून असलेला आणि गरजेला गणवेश चढवणारा माणूस’ या कल्पनेवर उभी आहे. १९४८ च्या कायद्याने तिची स्थापना झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. आपल्याला कार्यालयप्रमुखाचे प्रमाणपत्र व ना-हरकत पत्र लागेल. हे पत्र शाखेतून प्रादेशिक कार्यालयात आणि तिथून मुख्य कार्यालयात फिरत राहते, हे बँकेतल्या माणसाला मी सांगायला नको; म्हणून जाहिरातीची वाट न पाहता ते काम आधीच सुरू करावे. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांना मुद्रांक कागदावर वार्षिक उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र आणि पॅन कार्डाची प्रत द्यावी लागते.

निवडीचे टप्पे असे : तर्कबुद्धी, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान व इंग्रजी यांवर लेखी परीक्षा, मग प्रादेशिक सेनेच्या मंडळापुढे प्राथमिक मुलाखत, त्यानंतर एसएसबी, म्हणजे सैन्याच्या सेवा निवड मंडळाची चाचणी, आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. एसएसबी नियमित सैन्याच्या उमेदवारांची असते तशीच असते. वय छत्तीस आहे म्हणून तिथे कोणी सवलत देत नाही. महेंद्रसिंह धोनी किंवा कपिल देव यांची उदाहरणे अनेक वाचक देतात, पण त्यांना मिळालेला हुद्दा मानद आहे. तो मार्ग आपल्यासाठी नाही.

निवड झाली की लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नियुक्ती, मिळते. पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे कमिशनोत्तर प्रशिक्षण असते. प्रशिक्षणाच्या व प्रत्यक्ष सेवेच्या काळात नियमित अधिकाऱ्यांप्रमाणे वेतन व भत्ते मिळतात. मात्र ‘वर्षातून दोन महिने’ ही कमाल मर्यादा समजू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. बटालियनला सेवेसाठी पाचारण झाले तर आपल्याला तिच्यासोबत जावे लागते, मग तो मार्चअखेरीचा ताळेबंद असो की मुलांची परीक्षा. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेच्या अधिकाऱ्यांना व जवानांना बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ तैनात करण्यास मान्यता दिली, हे आपण वाचले असेलच.

बँकेच्या आडकाठीबद्दल : ना-हरकत पत्राला विलंब होऊ शकतो, पण सेवेसाठी बोलावणे आल्यावर कायदा आपल्या बाजूने आहे. सेवा संपल्यावर पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत कामावर घेणे हे नियोक्त्याचे कर्तव्य ठरवलेले आहे. ते न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे, पण ती सहा महिन्यांच्या वेतनापुरतीच मर्यादित आहे. सरकारी क्षेत्रातील बँकेत ही वेळ बहुधा येणार नाही. लहान खासगी कंपनीत काम करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवूनच निर्णय घ्यावा.

आपल्या पत्नीलाही, त्या पदवीधर व वयोमर्यादेत असल्यास, अर्ज करता येतो. महिलांना वगळणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये अग्राह्य ठरवली. प्रत्यक्षात जागा मात्र फारच थोड्या असतात : २०२५ च्या जाहिरातीतील १९ जागांपैकी महिलेसाठी एकच होती.

प्रश्न : माझा पुतण्या बारावी झाला असून सध्या घरीच आहे. त्याला प्रादेशिक सेनेत लावावे का?
– एक वाचक, कागल

उत्तर : जवानांची भरती बटालियनांच्या मेळाव्यांतून होते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न अशी एक बटालियन आपल्या जवळच, कोल्हापुरात आहे. परंतु ही कायमस्वरूपी नोकरी नव्हे. वर्षभर काम मिळण्याची हमी नसते आणि निवृत्तिवेतनासाठी प्रत्यक्ष सेवेचीच वर्षे धरली जातात. मुलाचे वय बसत असेल तर त्याने आधी नियमित सैन्यभरतीची तयारी करावी. प्रादेशिक सेनेचे दार त्याच्यासाठी बेचाळिशीपर्यंत उघडे आहे.